आठ, पाचच्या काट्यावर

“हे लेबल उलटं का ठेवलंयस?” अर्लीनने विचारले.

काउंटरमागे उभा असलेला नॉर्बर्ट काडतुसांची खोकी उगीचच नीट रचू लागला. त्याच्या दुकानात रायफली भिंतीशी ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या चापाशी दोऱ्याने किमतीचे लेबल बांधलेले असते. ओळीतल्या शेवटच्या रायफलीचे लेबल तेवढे भिंतीकडे तोंड करून होते.

“वाऱ्यानं फिरलं असेल.”

“दारं बंद आहेत, नॉर्बर्ट.”

तिने लेबल सरळ केले, वाचले आणि होते तसे पुन्हा भिंतीकडे फिरवून ठेवले. अर्लीन माझी थोरली बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेल्यामुळे तिला पोरांच्या गलक्यावरून बोलायची सवय आहे. तिने आवाज खाली आणला की मी दाराच्या बाजूला सरकतो.

“दोन हजार नऊशे,” ती हळू म्हणाली. “दुर्बिणीसकट?”

“दुर्बीण वेगळी. तिचे आणखी हजारभर डॉलर धर.”

“माझी मी साडेसहाशेला घेतली होती. ह्याच दुकानातनं, तुझ्या बापाकडनं. वर त्यानं मला टोपी दिली होती.”

“बाप गेला, अर्लीन. टोप्याही संपल्या.”

आमच्या स्पर्धेत एका फेरीत मिनिटभरात दहा गोळ्या मारायच्या असतात, त्याही मध्ये काडतुसांची पेटी बदलून. म्हणून चाप ओढला की एक गोळी सुटावी आणि पुढची आपोआप नळीत चढावी, अशी रायफल लागते. आणि सहाशे यार्डांवर भरवसा ठेवता येईल इतकी चांगली लागते. आमचे वडील चामड्याच्या कारखान्यात होते. एका हिवाळ्यात जास्तीच्या पाळ्या करून त्यांनी तशी रायफल घेतली होती, आणि त्यात कुणाला काही नवल वाटले नव्हते. क्लबात सगळे तसलेच होते. चामडेवाले, लाकूडवाले, गाई पाळणारे, माझ्यासारखे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे. आता नाकापेक्षा मोती जड झाला आहे. क्लबाच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या तरी कळते.

“मी काय करू सांग,” नॉर्बर्ट म्हणाला. “दर निवडणुकीला लोक घाबरतात. यंदा बंदी येणारच म्हणून दुकान धुऊन नेतात. भाव चढतो. बंदी काही येत नाही आणि भाव काही उतरत नाही. तुझ्यासारखीनं घ्यावा असा मधला माल आता कुणी बनवतच नाही. एक तर ही पाचशेची, नाहीतर ती.”

“पाचशेचीतनं गोळी कुठं जाणार ते गोळीलासुद्धा ठाऊक नसतं.”

“म्हणून तर तुला दाखवली नाही.”

तेवढ्यात मागच्या कपाटाआडून डॉक्टर विटकोम पुढे आले. ते दातांचे डॉक्टर, आमच्या खोऱ्यात येऊन त्यांना सहा-सात वर्षे झाली असतील. माणूस उंच, नम्र आणि कुणाचेही बोलणे पूर्ण ऐकून घेणारा. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जागाच सापडत नाही, आणि अर्लीनला त्याचाच जास्त राग येतो. त्यांनी हातातली काडतुसांची टोपणे काउंटरवर ठेवली.

“माझ्याकडची गेल्या वर्षीची रायफल नुसती पडून आहे,” ते म्हणाले. “तुम्ही न्या ना. मोसमभर वापरा. परत द्यायची घाई नाही.”

नॉर्बर्टने माझ्याकडे बघितले. मी जमिनीकडे बघितले.

“डॉक्टर,” अर्लीन म्हणाली, “दुसऱ्याची रायफल आणि दुसऱ्याचा टूथब्रश मी वापरत नाही. तुम्ही दाताचे डॉक्टर, तुम्हाला तरी कळायला हवं.”

डॉक्टर मनापासून हसले. त्यामुळे ती आणखी चिडली आणि काही न घेता बाहेर पडली.

गोष्ट अशी होती. दर ऑगस्टमध्ये आमच्या टॅनर्स हॉलो क्लबाचा चौघांचा संघ ओहायोत, सरोवराकाठी, देशभरच्या मोठ्या स्पर्धेला जातो. प्रवेशाचे पैसे, काडतुसे, राहायच्या खाटा, सगळे क्लब बघतो. अर्लीन बायकांमधली आमच्याकडची पहिली. संघात तिची जागा लागली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता, आणि तेव्हापासून तिने एकही ऑगस्ट चुकवलेला नाही. वर्षातून तेवढा एक आठवडा ती घराबाहेर झोपते. तिथे तिला टेक्सासची एक म्हातारी भेटते, माँटानाचे दोघे भाऊ भेटतात. त्या आठवड्यात तिला कुणी जेवायला काय आहे असे विचारत नाही. संघात जागा नसेल तर स्वतःच्या पैशांनी जाणे तिच्या आवाक्यातले नाही. यंदा तिघे ठरल्यासारखेच होते. चौथ्या जागेसाठी जूनच्या शेवटच्या निवड स्पर्धेत अर्लीन आणि डॉक्टर, दोघांतून एक जाणार होते.

आणि अर्लीनच्या रायफलीची नळी झिजली होती. हजारो गोळ्या गेल्या की आतले लोखंड जळत जाते आणि लांबवर गोळी थोडी भरकटते. याआधी दोनदा तिने नळी बदलून घेतली होती. पण ती बदलून देणारा एल्डन वसंतातच वारला. दुसरा कारागीर दोन तासांच्या वाटेवर होता. त्याने भाव दुप्पट सांगितला, आणि थंडी पडेपर्यंत तुमचा नंबर लागणार नाही असेही सांगितले.

त्या संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी आम्ही तिघे होतो. ती, मी आणि तिचा नवरा मर्ल. मर्ल पाठीच्या दुखण्याने कधीचा घरी बसलेला. त्याला बंदुकीत रस नाही. त्याला मासे आणि टीव्हीवरचे बोलिंग एवढेच लागते. अर्लीन टेबलाच्या कडेला बसवलेल्या दांड्याने एकेक काडतूस भरत होती. विकतचे आता परवडत नाही म्हणून ती घरीच भरते.

“बोट विकतो,” मर्ल म्हणाला.

“ती बोट घेणार कोण? तिला बुडायचासुद्धा कंटाळा येतो.”

“ट्रेलरसकट विकतो.”

“ट्रेलर तुझ्या भावाचा आहे, मर्ल.”

मर्लने थोडा विचार केला. “मग नुसती बोट,” तो म्हणाला.

मी तेवढ्यात घसा साफ करून घेतला. “डॉक्टरांची घे. एका मोसमाचा तर प्रश्न आहे.”

“नको.”

“अगं, ती काय भीक आहे? उसनं आहे.”

“उसनं परत करता येतं. रोज सकाळी त्या माणसाकडं बघून हसायचं, तो दयाळू आहे म्हणून आपण नीट वागायचं, ते परत कसं करू? तूच सांग, डुएन. त्याची रायफल घेऊन त्यालाच हरवलं तर मी कृतघ्न, आणि हरले तर बिचारी.”

“आणि झिजलेली घेऊन गेलीस तर?”

“तर मी अर्लीन.”

“असते पैसे तर घेतली असतीस ना ती नवी?” मर्लने भाबडेपणाने विचारले.

“नसती घेतली.”

“घेतली असतीस.”

तिने दांडा खाली ओढला, काडतूस काढून डब्यात टाकले. “घेतली असती,” ती म्हणाली. “पण मग मी भाव देऊन घेतली असती. उभी राहून. आपला बाप त्या क्लबात गेला तेव्हा त्याच्या अंगाला चामड्याचा वास यायचा आणि कुणी नाक धरलं नाही. आता मला तिथं उभं राहायला कुणाच्या मनाचा मोठेपणा लागणार असेल, तर तो मोठेपणा त्यांनी त्यांच्या कपाटात ठेवावा. मी जाणार. आहे तीच घेऊन जाणार. आणि शेवटची आले तरी मान खाली घालून येणार नाही.”

एवढे बोलून तिने बिटाच्या रसात मुरवलेली दोन अंडी माझ्या बशीत घातली. आमच्या घरात विषय संपला हे असेच कळते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी ती आहे. मी अंडी खाल्ली आणि घरी गेलो.

निवडीचा रविवार निघाला उन्हाचा. मैदान दोन टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर आहे. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला मातीचा बांध, आणि बांधाच्या आड खोल खंदक. खंदकात माणसे उभी राहतात आणि निशाणाच्या पाट्या दोरखंडाने वर-खाली करतात. गोळी लागली की पाटी खाली ओढायची, भोकात चकती खोचायची, पाटी वर ढकलायची. चकती कुठे आहे ते बघून इकडे गुण लिहितात. आमच्याकडे हे काम कुणाला चुकत नाही. एक तुकडी मारते, दुसरी तिच्यामागे बसून गुण लिहिते, तिसरी खंदकात पाट्या ओढते, आणि मग सगळे फिरते; ज्याला जो नंबर आला तो तिन्ही कामांना तोच. कोट्यधीश आला तरी त्याला दोर ओढावा लागतो. क्लबात जुने राहिलेले असे एवढेच एक आहे.

चिठ्ठ्या निघाल्या. अर्लीनला सहा नंबरची पाटी आली आणि डॉक्टरांना शेजारची सात. अर्लीनचे गुण लिहायचे काम माझ्याकडे आले. क्लबाचा अध्यक्ष गस याने मला विचारले, “बहिणीचे लिहिशील ना नीट?”

“तिचे चुकीचे लिहून मी जिवंत राहीन का?” मी म्हणालो.

उभ्याने मारायच्या फेरीत तिने डॉक्टरांना मागे टाकले. दोनशे यार्डांवर झिजलेली नळीही चालून जाते, आणि उभ्याने मारण्यात रायफलीपेक्षा माणूस लागतो. मिनिटात दहा गोळ्यांच्या फेरीत तिने पेटी अशी बदलली की मागे बसलेल्या दोघांनी मान हलवली. तीनशेवर दोघे जवळपास बरोबरीत आले. डॉक्टर पाणी प्यायला आले तेव्हा म्हणाले, “फार छान मारताय.”

“तुम्हीही,” ती म्हणाली. तेवढे म्हणायलाही तिला कष्ट पडले.

मग सहाशे. इथे पोटावर झोपून एकेक गोळी सावकाश मारायची असते. आणि इथेच नळी बोलायला लागली. अर्लीनची गोळी मधल्या वर्तुळात जाता जाता बाहेर घसरायची. दहाच्या जागी नऊ, नऊच्या जागी आठ. शेजारी डॉक्टरांचे दहावर दहा पडत होते. त्यांच्या रायफलीवरची दुर्बीण इतकी ताकदीची होती की सहाशे यार्डांवरचे वर्तुळ त्यांना बशीएवढे दिसत असावे. अर्लीनकडे नेम धरायला नळीच्या टोकावरची लोखंडी माशी आणि मागचे भोक. तिला सगळ्या पाट्या ओळीने दिसतात, त्यांच्याखालचे नंबरही दिसतात, फक्त वर्तुळ दिसत नाही. ते मनाने धरायचे असते.

प्रत्येक गोळीनंतर मारणाऱ्याने, पाटी वर यायच्या आधी, आपली गोळी कुठे गेली असेल ते गुण लिहिणाऱ्याला सांगायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात. बारा म्हणजे वर, सहा म्हणजे खाली. त्याला गुण नाहीत. पण जो बरोबर सांगतो त्याला आपला हात कळतो, एवढेच. वडिलांनी आम्हाला मारायला नंतर शिकवले, सांगायला आधी.

शेवटची गोळी राहिली तेव्हा मी दोघांची बेरीज केली. डॉक्टर नऊ गुणांनी पुढे होते. एका गोळीत नऊ गुण भरून निघत नाहीत. अर्लीनलाही ते ठाऊक होते, कारण ती मागे वळून म्हणाली, “बेरीज करू नकोस, आवाज येतो तुझ्या पेन्सिलीचा.”

मी पेन्सिल कानामागे खोचली.

वारा डावीकडून येत होता. तिने श्वास सोडला, थांबली, पुन्हा श्वास घेतला. मला कळत होते की ती नेहमीपेक्षा जास्त थांबली आहे. मग गोळी सुटली. त्याच क्षणाला शेजारच्या सात नंबरवरूनही आवाज आला, दोन्ही आवाज एकात एक मिसळले.

“आठ,” अर्लीन म्हणाली. “पाचच्या काट्यावर. चाप झटकला मी. नळीचा दोष नाही.”

सहा नंबरची पाटी खाली गेली. जरा वेळच लागला. मग वर आली, आणि तिच्यावर दोन चकत्या होत्या. एक खाली उजवीकडे, पाचच्या काट्यावर, आठमध्ये. दुसरी अगदी मध्यावर, दहा.

मी दुर्बिणीला डोळा लावून दोनदा बघितले. तेवढ्यात सात नंबरमागे बसलेला मनुष्य ओरडला, “सात नंबर, खूण करा.” सातची पाटी अजून हललीच नव्हती. ती खाली गेली, रिकामी वर आली, आणि तिच्यापुढून लाल फडके डावीकडून उजवीकडे हलवले गेले. गोळी लागली नाही, याची ती खूण.

डॉक्टरांनी हळूच डोके रायफलीवरून उचलले. त्यांचा चेहरा बघून मला सगळे समजले, आणि त्यांनाही. दुर्बीण एवढी मोठी करून बघितले की पाटी दिसते पण तिच्याखालचा नंबर नजरेच्या बाहेर जातो. वाऱ्यासाठी मान जरा सरकवली, परत आले, आणि शेजारच्या पाटीवर मारली. ही चूक आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केली आहे. पण शेवटच्या गोळीला कुणी केलेली मला आठवत नाही.

आता नियम असा आहे. एका पाटीवर दोन भोके आली आणि कुठले कुणाचे ते सिद्ध करता येत नसेल, तर त्या पाटीच्या मालकाला मोठा आकडा मिळतो. शेजाऱ्याला शून्य. डॉक्टरांचा शून्य झाला. अर्लीनला दहा मिळाले, तर ती एका गुणाने पुढे. आठ मिळाले, तर एका गुणाने मागे.

मी कार्डावर पेन्सिल टेकवली.

“काय लिहितोयस?” अर्लीनने विचारले. ती उठून गुडघ्यांवर बसली होती.

“दहा.”

“मी काय सांगितलं होतं?”

“ऐकू आलं नाही,” मी म्हणालो. “कानात बोळे आहेत.”

“डुएन.”

“बोळे आहेत म्हटलं ना.”

गस आला. त्याने दोन्ही पाट्या बघितल्या, माझे कार्ड बघितले आणि हसला. “सहाला दहा, साताला शून्य. नियम सरळ आहे. अर्लीन, ओहायोला चाललीस.”

मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टरही उठून आले. त्यांच्या कपाळावर रायफलीचा वळ उमटला होता. “माझी चूक झाली,” ते म्हणाले. “दहा तुमचे. अगदी नियमाप्रमाणे.”

“दहा माझे नाहीत,” अर्लीन म्हणाली. “माझी आठ आहे, पाचच्या काट्यावर. ती बघा, चकती दिसतेय. मधली तुमची.”

“तू काय म्हणालीस ते मोजत नाहीत,” गस म्हणाला. “भोकं मोजतात.”

“मग माझं भोक मोज.”

“नियमात नाकारायची सोय नाही गं.”

“सही करायची सोय आहे ना?” ती म्हणाली. “कार्डावर मारणाऱ्याची सही लागते. दहा लिहिलेस तर मी सही करणार नाही.”

“सही नाही तर सगळं कार्डच बाद. सगळ्या फेऱ्यांचं शून्य होईल तुझं.”

“होऊ दे.”

माझा तोल सुटला. मी स्टुलावरून उठलो. “ह्यात कुणी तुला काही देत नाहीये, अर्लीन. नियम देतोय. नियमाशी काय वैर आहे तुझं? चार महिने झिजलेलं लोखंड घेऊन उभी राहिलीस ती कशासाठी? हेच तर हवं होतं ना तुला?”

“हे नको होतं. मला मारून जायचं होतं.” तिचा आवाज खाली आला होता, आणि या वेळी सरकायला मला दार नव्हते. “ती दहा ज्या रायफलीतनं आली तसलीचं लेबल मी दुकानात वाचलंय. मी ती घेतली नाही, उसनी घेतली नाही, आणि आता तिच्या गोळीवर बसून सरोवराला जाऊ? तिथं टेक्सासची म्हातारी विचारील, यंदा कशी आलीस. काय सांगू? डॉक्टर चुकले म्हणून?”

“तसं असेल तर मी माझी जागा सोडतो,” डॉक्टर पटकन म्हणाले. “तुम्ही जा. मला खरंच वाईट वाटणार नाही.”

तिने त्यांच्याकडे बघितले. मला वाटले आता ती फाडून खाणार. पण ती जवळजवळ हसली.

“हेच तर तुमचं चुकतं, डॉक्टर. तुम्हाला वाईट वाटायला पाहिजे. आठ आणि शून्य धरूनसुद्धा तुम्ही एकानं पुढं आहात. जिंकलात. मग नीट जिंका. मला तुमची रायफल नको, गोळी नको, जागा नको. तुम्ही जा आणि तिथं मारा. आणि चाप ओढायच्या आधी नंबराची पाटी बघत जा. एवढे पैसे मोजून घेतलीत, तिच्यातनं नंबरसुद्धा दिसू नये?”

मागे कुणीतरी खुसखुसले. डॉक्टर लाल झाले. पण त्यांनी मान डोलावली आणि या वेळी हसले नाहीत. तिला ते आवडले असावे, कारण तिने हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला.

“पुढच्या वर्षी नळी बदलून येते,” ती म्हणाली. “मग बघू.”

“पुढच्या वर्षी भाव आणखी चढलेला असेल,” गस पुटपुटला.

“असू दे. मीही चढेन.”

मग ती माझ्याकडे वळली. मी कार्ड धरून उभा होतो. मला तिचा राग आला होता आणि तो खरा राग होता. हत्ती निघून गेला आणि ती शेपटाशी भांडत होती. तिच्या मानी स्वभावाचे कौतुक करणारे लोक तिच्या स्वयंपाकघरात बसून ऑगस्टचा आठवडा काढणार नव्हते. तो मला आणि मर्लला काढायचा होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती म्हणणार होती, आता तिकडे तीनशेची फेरी सुरू झाली असेल. मला हे सगळे दिसत होते.

“लिही,” ती म्हणाली.

“तूच लिही.”

“मी सही करायची. लिहायचं तू.”

मी आठ लिहिला. इतका दाबून लिहिला की पेन्सिलीचे टोक तुटले. तिने गसच्या खिशातले पेन काढून घेतले, कार्ड रायफलीच्या दस्त्यावर ठेवले आणि पूर्ण नावाने सही केली. ती नेहमी नुसती आद्याक्षरे टाकते.

मग रीतीप्रमाणे सगळे फिरले. माझी तुकडी मारायला पुढे आली आणि अर्लीनची तुकडी खंदकाकडे निघाली. तिने रायफल उघडून रिकामी असल्याचे गसला दाखवले, खोळीत घातली, जेवणाचा डबा घेतला आणि गवतातून चालू लागली. गुडघा दुखतो म्हणून ती जरा डावीकडे झुकून चालते. डॉक्टर चार पावले मागून गेले. काही अंतर गेल्यावर ते तिच्या बरोबरीला आले आणि त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. दोघे बांधाच्या आड उतरले आणि दिसेनासे झाले.

मला सहा नंबरची पाटी आली होती. शेजारी सातवर लाकूडवाल्यांचा स्कॉट होता. मी पोटावर झोपलो. डोळे भरून आले होते, ते उन्हामुळे असे मी स्कॉटला सांगितले. त्याने काही विचारले नव्हते.

पहिली गोळी कुठे गेली ते मला सांगता आले नाही. मी आणि स्कॉटने जवळजवळ एकदमच मारली होती. समोर बांधावर दोन्ही पाट्या एकदमच खाली गेल्या. त्या चौकटी जड असतात. दोर ओढून वर ढकलताना तरण्या माणसाचेही खांदे भरून येतात, म्हणून लोक जरा दम खाऊन ढकलतात. खंदकातले कुणी दिसत नव्हते. नुसता मातीचा बांध, आणि त्याच्यावर हलणारी उन्हाची झळ.

सहा नंबर वर आला. चकती नीट खोचलेली, सात गुण, वर डावीकडे.

मग सात नंबर वर आला.

आम्ही दुसरी मारली. सहा नंबर वर आला, मग सात नंबर. तिसरी मारली. आता सात नंबरही घाई करत होता, पाटी वर येताना डुगडुगत होती. तरीही सहा आधी आला. चौथीला आधी आला, पाचवीला आधी आला. स्कॉटने रायफलीवरून डोके उचलून माझ्याकडे बघितले.

“तिकडं खाली काय चाललंय?” त्याने विचारले.

“तू मार,” मी म्हणालो.

आम्ही मारत राहिलो, आणि शेवटच्या गोळीपर्यंत दर वेळी सहा नंबरची पाटी आधी वर येऊन सरळ उभी राहत होती.